फरशी निवडण्याआधी जमीन बघा

दुकानात फरशी भिंतीला टेकवून उभी ठेवलेली असते. वर प्रखर दिवे, चार हातांवर आपण आणि नजरेच्या रेषेत ती चकाकणारी टाइल. घरात मात्र आपण फरशीकडे कधीच असं बघत नाही. ती पायाखाली असते, तिच्यावर खिडकीतला उजेड तिरका पडतो आणि निम्मी तर पलंग-कपाटाखालीच जाते. माझ्या पहिल्या घरासाठी मी दुकानातल्या त्या उजेडाला भाळून फिकट राखाडी, आरशासारखी चकचकीत फरशी घेतली. पहिल्याच आठवड्यात कळलं, की अनवाणी पावलाचा प्रत्येक ठसा तिच्यावर उमटतो आणि संध्याकाळच्या तिरक्या उन्हात सगळे ठसे एकदम दिसतात. नऊ वर्षं ती पुसली.

तेव्हापासून कोणी नवं घर घेतलं किंवा जुनं दुरुस्तीला काढलं आणि "सध्या काय चालतंय?" असं विचारलं, की मी ते सांगतो खरं, पण निर्णय त्यावर घेऊ देत नाही. पडदा एका दुपारी बदलता येतो, भिंतीचा रंग चार दिवसांत. फरशी बदलायची तर घर रिकामं करावं लागतं, फोडाफोडी, धूळ आणि वर पुन्हा दारांची कापाकापी. जी गोष्ट बदलायला सगळ्यात अवघड, तिच्यावर फॅशनचा भार सगळ्यात कमी टाकायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबाने मांडल्या आहेत.

आधी, काय चालतंय ते

राखाडीचा जमाना ओसरला. रंगछटांना क्रमांक देणारी पॅन्टोन ही कंपनी दरवर्षी एक 'वर्षाचा रंग' जाहीर करते. २०२१ साठी तिने पिवळ्याच्या जोडीला 'अल्टिमेट ग्रे' हा राखाडी निवडला होता. २०२४ साठी 'पीच फझ' आणि २०२५ साठी 'मोका मूस' हा तपकिरी. घरातल्या जमिनीही त्याच दिशेने सरकल्या आहेत: वाळू, मध, भाजलेली माती, ऊन लागलेला दगड अशा उबदार छटा. चकाकी जाऊन मॅट आणि किंचित खरखरीत पोत आला आहे. टाइल मोठी झाली आहे. ६०० × १२०० मिमी आता नेहमीची आणि १२०० × २४०० मिमीच्या आख्ख्या पाट्याही घरात येऊ लागल्या आहेत. लाकडासारखी दिसणारी पोर्सेलिनची लांब फळी, माशाच्या काट्यासारखी हेरिंगबोन मांडणी, दगडाच्या खड्यांचा टेराझो, सांधा नसलेला मायक्रोसिमेंट म्हणजे सिमेंटचा पातळ लेप, एकमेकींत अडकवून बसणाऱ्या, दगडी भुकटी आणि प्लॅस्टिकच्या एसपीसी फळ्या, आणि बैठकीपासून शयनघरापर्यंत एकच फरशी सलग नेणं, हे सगळं या यादीत येतं.

यातलं 'नवीन' तपासून बघितलं तर गंमत वाटते. हेरिंगबोनमध्ये विटा रोमन लोक लावत होते. टेराझो व्हेनिसच्या कारागिरांनी संगमरवराच्या उरलेल्या तुकड्यांतून घडवला. इतकं टिकून राहिलेलं काही घरात आणलं तर दहा वर्षांनी ते जुनाट वाटण्याची शक्यता कमी. उलट ज्या डिझाइनमध्ये छापलेल्या सोनेरी शिरा फार ठळक आहेत, त्यांच्यापासून मी लांब राहीन. मला त्या आवडत नाहीत हे एक कारण झालंच.

पहिली पायरी: खोलीत काय घडतं ते लिहून काढा

कागद घ्या आणि प्रत्येक खोलीसमोर खरोखर काय होतं ते लिहा. पाणी सांडतं का, बाहेरची वाळू चपलांबरोबर आत येते का, चाकांची खुर्ची आहे का, मूल रांगतं का, कुत्रा आहे का, कोणी काठी किंवा वॉकर घेऊन चालतं का, दुपारचं ऊन थेट जमिनीवर किती तास पडतं. खाली कोणी राहतं का हेही लिहा, कारण पावलांचा आवाज हा फरशीचाच प्रश्न आहे.

हा कागद दुकानात घेऊन जा. तो नसेल तर विक्रेता जे दाखवील ते सुंदरच दिसेल.

दुसरी पायरी: आहे ती जमीन तपासा

नवशिके ही पायरी हमखास गाळतात. डोळ्यांना दिसते ती फरशी म्हणजे वरचे आठ-दहा मिलिमीटर. ती फुटणार, वाजणार की फुगणार हे खालच्या थरावर ठरतं.

सपाट आणि समतल यांतला फरक आधी समजून घ्या. समतल म्हणजे पाणी कुठेही वाहून जाणार नाही अशी पातळी. सपाट म्हणजे खड्डे-उंचवटे नाहीत. जमीन एका बाजूला थोडी उतरती असली तरी सपाट असू शकते आणि टाइलला त्रास होतो तो सपाटपणा नसल्याचा. दोन-तीन मीटरची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी-उभी-तिरकी फिरवा आणि खालून उजेड कुठे दिसतो ते खडूने खुणा करून ठेवा. मोठ्या टाइलसाठी तीन मीटरमध्ये तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको, असा कारागिरीतला सर्वमान्य दंडक आहे. जास्त असेल तर आधी सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे आपोआप सारखं पसरणारं मिश्रण ओतून जमीन सारखी करावी लागते. तो खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरा, नाहीतर मध्येच "एवढं चालतं हो" ऐकावं लागेल.

मग ओल. साधारण दीड फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिक जमिनीवर अंथरा, चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि किमान सोळा तास तसंच राहू द्या. आतून थेंब दिसले किंवा खालचं काँक्रीट गडद झालं तर जमीन ओली आहे. काहीच दिसलं नाही म्हणून कोरडीच आहे असं मात्र समजू नका. लाकूड बसवायचं असेल तर आर्द्रतामापकाने नीट मोजून घ्या. नवीन काँक्रीट सुकायला प्रत्येक २५ मिमी जाडीमागे सुमारे एक महिना हा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे १०० मिमी जाड थर चार महिने मागतो. घाईघाईत त्यावर लाकूड किंवा व्हिनाइल (प्लॅस्टिकची फरशी) टाकलं की ओल वरून निघायची वाट शोधते आणि फळ्यांच्या कडा वर येतात.

जुन्या फरशीवरच नवी बसवायची असेल तर लाकडी दांड्याने प्रत्येक फरशी ठोकून बघा. भरीव वाजली तर ठीक, बद्द वाजली तर ती सुटलेली आहे. सुटलेल्यावर नवी चिकटवली तर दोन्ही मिळून सुटतात. स्लॅबला तडा असेल किंवा मुद्दाम सोडलेला सांधा असेल, तर तो वरच्या फरशीतही तसाच न्यावा लागतो. झाकून टाकला की वर्षभरात नेमका त्याच रेषेत तडा उमटतो.

शेवटी उंची. चिकटवण्याचा थर चार-पाच मिमी आणि टाइल नऊ-दहा मिमी, म्हणजे जमीन सुमारे दीड सेंटिमीटर वर येणार. दारं उघडतील का? गच्चीच्या आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याचं काय? मी दुसऱ्या घराच्या वेळी हे विसरलो. फरशी सुरेख बसली, मग सात दारं बिजागरीवरून उतरवून खालून तासून घ्यावी लागली, आणि त्यांतल्या एकाला आता खाली फट आहे, कारण सुतार जरा जास्तच उत्साहात होता.

तिसरी पायरी: साहित्य ओळखा

*सिरॅमिक आणि पोर्सेलिन.* दोन्ही भाजलेली माती. फरक आहे तो पाणी पिण्यात. पोर्सेलिन, ज्याला बाजारात व्हिट्रिफाइड म्हणतात, त्याने वजनाच्या ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी शोषावं अशी त्याची व्याख्याच आहे. भिंतीच्या सिरॅमिक टाइलमध्ये हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर असतं. म्हणून भिंतीची टाइल जमिनीवर लावायची नाही, कितीही सुंदर दिसली तरी. ती हलकी, सच्छिद्र आणि नाजूक असते. विकत घेताना टाइल उलटी करून मागे पाण्याचा थेंब टाका. झटकन शोषला तर समजून जा.

व्हिट्रिफाइडमध्येही प्रकार आहेत. ग्लेझ्ड म्हणजे वर छापील चित्र आणि त्यावर काचेचा पातळ थर. नक्षी हवी तशी मिळते, पण टवका उडाला तर खालचा वेगळा रंग दिसतो. डबल चार्जमध्ये रंगाचा थर तीन-चार मिमी जाड असतो. फुल बॉडीत वरपासून खालपर्यंत एकच रंग. वर्दळीच्या जागी शेवटचे दोन, शयनघरात ग्लेझ्ड खुशाल चालतं. ग्लेझ्ड टाइलवर पीईआय हा घर्षणाचा वर्ग लिहिलेला असतो, १ ते ५. घरातल्या वर्दळीच्या जमिनीला ३ किंवा ४ पुरतो.

घसरण्याचं मात्र वेगळं बघायचं. खोक्यावर आर९, आर१० असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही चाचणी वाचून मला हसू आलं होतं: तेल लावलेल्या उतरत्या फळीवर टाइल बसवतात, बूट घातलेला माणूस तिच्यावर चालतो आणि तो घसरेपर्यंत फळीचा उतार वाढवत नेतात. सहा ते दहा अंशांत घसरला तर आर९, दहा ते एकोणीसमध्ये आर१०, असं आर१३ पर्यंत. म्हणजे आर९ ही शिडीची सगळ्यात खालची पायरी आहे, तेरापैकी नऊ गुण नव्हेत. कोरड्या खोलीत आर९ चालेल. स्वयंपाकघरात आर१०, उघड्या गच्चीवर आर११ बघा. न्हाणीघरात आपण अनवाणी असतो, त्यासाठी ए, बी, सी अशी निराळी मोजणी आहे. ती अनवाणी पायांनी, साबणाच्या पाण्यावर करतात. शॉवरखाली बी तरी असावी. घरात वयस्कर माणूस असेल तर या एका आकड्यावर तडजोड नको.

*नैसर्गिक दगड.* संगमरवर मोह्सच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर ३ वर येतो. वाळूतला क्वार्ट्झ ७ वर. चपलेला चिकटून आलेला वाळूचा कण संगमरवराला ओरखडणार हे त्या दोन आकड्यांतच आलं. शिवाय तो कॅल्शियम कार्बोनेट आहे, आम्लाशी त्याची प्रतिक्रिया होते. आम्लयुक्त क्लीनरचा थेंब पडला तर जो फिका ठिपका उरतो तो डाग नसतो, तिथला पृष्ठभागच खाल्ला गेलेला असतो. पुसून जात नाही, पॉलिशच करावं लागतं. ग्रॅनाइट याबाबत कितीतरी सोशिक. दगडाचा मोठा गुण हा, की वीस वर्षांनी घासून पुन्हा नवा करता येतो. छापील टाइलला ते भाग्य नाही.

*लाकूड.* अस्सल लाकडाची अखंड फळी हवेतल्या दमटपणाबरोबर आडवी फुगते आणि आकसते, आणि हे कुठलंही पॉलिश थांबवू शकत नाही. म्हणून बहुतेक घरांत इंजिनिअर्ड लाकूड बरं पडतं: खाली एकमेकांना काटकोनात चिकटवलेले थर आणि वर खऱ्या लाकडाचा २ ते ६ मिमीचा पापुद्रा. दुकानात फळीची एकूण जाडी सांगतात. तुम्ही वरच्या पापुद्र्याची विचारा. ४ मिमी असेल तर दोन-तीनदा तासून नवं करता येतं, २ मिमी असेल तर जेमतेम एकदा.

*लॅमिनेट* हे लाकूड नव्हे; दाबलेल्या लाकडी तंतूंच्या पाटीवर लाकडाचं छायाचित्र आणि त्यावर कठीण थर. एसी१ ते एसी६ असे त्याचे झिजेचे वर्ग, घराला एसी३ किंवा एसी४. सांध्यात पाणी गेलं की कडा फुगते आणि फुगलेली कडा परत बसत नाही. *एसपीसी* म्हणजे चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांची टणक फळी. पाण्याला ती डरत नाही, म्हणून सध्या सगळीकडे तिचं नाव आहे. वरचा झिजथर ०.३ मिमी असेल तर शयनघराला, ०.५ असेल तर बैठकीला. फक्त लक्षात ठेवा, फळी जलरोधक असली तरी खालची जमीन जलरोधक होत नाही. आणि काचेतून थेट ऊन येत असेल तर ती तापून पसरते.

*लिनोलियम* आणि व्हिनाइल एकच समजले जातात, पण लिनोलियम जवसाचं तेल, बुचाची भुकटी आणि तागाच्या कापडातून बनतं. फ्रेडरिक वॉल्टन याने इंग्लंडमध्ये १८६०च्या दशकात ते काढलं आणि नैसर्गिक साहित्याच्या लाटेत ते आता परत येतं आहे. बूचही तसंच: झाड न तोडता साल काढतात, साधारण दर नऊ वर्षांनी. पायाला मऊ, आवाज गिळणारं. जड फर्निचरचे खळगे मात्र पडतात.

मायक्रोसिमेंटचा थर दोन-तीन मिमीचा. इतका पातळ, की खालच्या जमिनीची प्रत्येक खोड वर दिसते. हात बसलेला कारागीर मिळत नसेल तर याच्या नादी लागू नका.

चौथी पायरी: आकार आणि मांडणी

लहान खोलीत मोठी टाइल नको, हा समज सोडून द्या. सांधे कमी म्हणून खोली उलट मोकळी दिसते. अडचण दुसरीच असते: तुकडे किती पडतात आणि दारातून ती टाइल आत येते का.

लांब टाइल किंवा फळी विटांसारखी अर्धी-अर्धी सरकवून लावायचा मोह होतो. भट्टीत भाजताना लांब टाइल मध्यभागी किंचित उचलली जाते. अर्धी सरकवली की एकीचा सर्वांत उंच भाग शेजारणीच्या सर्वांत खोल टोकाशी येतो आणि पायाला कडा लागते. म्हणून जिची एक बाजू १५ इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे ३८० मिमीपेक्षा मोठी आहे, ती टाइल जास्तीत जास्त एक तृतीयांश सरकवायची.

हेरिंगबोन आणि शेवरॉन यांतला फरक मागणी देण्याआधी समजून घ्या. हेरिंगबोनमध्ये फळीची टोकं काटकोनात कापलेली असतात आणि एकीचं टोक दुसरीच्या कुशीला लागतं. शेवरॉनमध्ये टोकं तिरकी कापून समोरासमोर जुळवतात, त्यामुळे सरळ बाण दिसतो. दोन्हींना वेळ जास्त, तुकडे जास्त, मजुरी जास्त. सगळ्या घरात करण्यापेक्षा एका खोलीत करा.

सांधा शून्य मागू नका. 'जॉइंट दिसायला नको' म्हणून टाइलला टाइल भिडवून लावलेली जमीन उन्हाळ्यात पसरते, जागा मिळत नाही आणि मधल्या दोन टाइल तंबूसारख्या उभ्या राहतात. कडा घासून अचूक केलेल्या टाइलला २ ते ३ मिमी सांधा पुरतो. ग्राउट, म्हणजे सांधे भरायचं मिश्रण, टाइलच्याच छटेचं घेतलं की सांधा नजरेत भरत नाही. भिंतीकडेनेही फट सोडायची. लाकूड, लॅमिनेट आणि एसपीसीसाठी ८ ते १० मिमी. ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली झाकली जाते.

सुरुवात भिंतीपासून करू नका, भिंती क्वचितच काटकोनात असतात. खोलीच्या मध्यातून दोन दोऱ्या ताणा. गुण्या लहान पडत असेल तर एका दोरीवर तीन फुटांवर आणि दुसरीवर चार फुटांवर खूण करा; खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं की काटकोन साधला. मग टाइल कोरड्याच मांडून बघा. कडेला अर्ध्यापेक्षा कमी तुकडा येत असेल तर दोरी सरकवा आणि दारातून आत येताच अख्खी टाइल दिसेल असं बघा. फळ्या शक्यतो खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने.

पाचवी पायरी: रंग घरी ठरवा, दुकानात नाही

एक नाही, तीन-चार टाइल घरी आणा आणि जमिनीवर आडव्या ठेवा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि दिवा लावून बघा. २७०० ते ३००० केल्विनच्या (उजेडाची छटा सांगणारा हा आकडा दिव्याच्या खोक्यावर असतो) पिवळसर दिव्यात राखाडी फरशी मळकट दिसू शकते, ४००० केल्विनच्या पांढऱ्या दिव्यात वाळूचा रंग फिका पडतो. दिव्यांचा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, ९० च्या आसपास असला तर रंग खरा दिसतो. म्हणजे दिवे आधी ठरवा, मग रंग.

अगदी गडद आणि अगदी पांढरी, दोन्हींवर धूळ आणि केस उठून दिसतात. मधली छटा आणि थोडी चलबिचल असलेली नक्षी सगळं पोटात घेते. खोक्यावर व्ही१ ते व्ही४ असं लिहिलेलं असतं: व्ही१ म्हणजे सगळ्या टाइल एकसारख्या, व्ही४ म्हणजे एकीचा दुसरीशी मेळ नाही. दगडाची किंवा लाकडाची नक्कल असेल तर आणखी एक प्रश्न विचारा, "या डिझाइनचे वेगवेगळे प्रिंट किती?" चारच असतील तर तीच गाठ, तीच शीर दर काही पावलांवर भेटत राहते आणि नक्कल उघडी पडते.

सहावी पायरी: मोजा आणि एकदाच मागवा

बारा बाय दहाची खोली म्हणजे १२० चौरस फूट. सरळ मांडणीला १० टक्के जादा, म्हणजे १३२. तिरक्या मांडणीला किंवा हेरिंगबोनला १५ टक्के, म्हणजे १३८. मग पुढचं पूर्ण खोकं. सगळी खोकी एकाच बॅचची, एकाच शेडची आणि एकाच कॅलिबरची आहेत ना, हे माल उतरवतानाच वाचा. कॅलिबर म्हणजे भट्टीतून निघाल्यावरचं खरं माप. दोन कॅलिबर मिसळले की सांधे सरळ धावत नाहीत.

सातवी पायरी: काम चालू असताना उभे राहा

कारागिरावर पहारा ठेवायचा नाही, पण तीन गोष्टी डोळ्यांनी बघायच्या.

एक, अॅडहेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचं मिश्रण, कसं लावतात. मोठ्या टाइलच्या मागे चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक असे पाच गोळे लावून ती दाबून बसवायची पद्धत अजून दिसते. मधल्या पोकळीवर टाच पडली की टाइल तडकते. अॅडहेसिव्ह दातेरी थापीने एकाच दिशेने ओढायचं आणि मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा. काम सुरू झाल्यावर एखादी नुकतीच बसवलेली टाइल उचलून दाखवायला सांगा. कोरड्या खोलीत पाठीचा किमान ८० टक्के भाग आणि ओल्या जागी ९५ टक्के भाग माखलेला हवा. चांगला कारागीर न कुरकुरता उचलतो. पोर्सेलिन पाणी शोषत नाही, म्हणून साधं सिमेंट तिला नीट धरत नाही. अॅडहेसिव्हच्या पाकिटावर सी२ हा जास्त पकडीचा वर्ग बघा, आणि मोठ्या आकाराला त्यापुढे एस१ असेल तर उत्तम, म्हणजे तो थर थोडा लवचीक असतो. फिकट संगमरवराला पांढरंच अॅडहेसिव्ह लागतं, नाहीतर राखाडी रंग आतून झिरपून दिसतो.

दोन, न्हाणीघराचा ढाळ. एका मीटरला १२ ते २० मिमी, जाळीच्या दिशेने. टाइलआधी वॉटरप्रूफिंग आणि ते सुकल्यावर चोवीस तास पाणी साठवून ठेवायची चाचणी. हे पाणी एक दिवस अडवून ठेवायला सगळ्यांनाच कंटाळा येतो. अडवाच. ग्राउट तिथे सिमेंटचं नको, एपॉक्सी या रेझिनचं घ्या, ते पाणी पीत नाही आणि काळं पडायला वेळ लावतं.

तीन, थांबणं. अॅडहेसिव्ह धरायला साधारण एक दिवस, मग ग्राउट. तोवर त्यावर शिडी, गोण्या, कपाटं नकोत. लाकडी फळ्या असतील तर बसवण्याआधी किमान दोन दिवस खोक्यासकट त्याच खोलीत आडव्या ठेवा, म्हणजे त्या तिथल्या हवेला सरावतात.

बाकीचं घर

इथे फॅशनला मोकळं सोडा. भिंत, छत आणि दारं एकाच रंगात बुडवून टाकायची सध्याची टूम तुम्हाला आवडत असेल तर करा. नाही पटली तर पुढच्या वर्षी डबा आणि ब्रश. फरशी आणि फर्निचरचं लाकूड तंतोतंत जुळवायला जाऊ नका. जवळपास जुळणाऱ्या दोन छटा चूक वाटतात, स्पष्ट वेगळ्या दोन छटा निवड वाटतात. गालिचा लहान घेऊ नका. सोफ्याचे निदान पुढचे पाय त्यावर यायला हवेत. स्कर्टिंग भिंतीच्या रंगाचं ठेवलं की भिंत उंच वाटते.

पहिला महिना

काम संपल्यावर फरशीवर पांढुरका धुरकट थर राहतो, तो ग्राउटचा असतो. टाइलवरून तो काढायला सौम्य आम्लाचं क्लीनर मिळतं. संगमरवरावर ते चुकूनही नको, कारण वर सांगितलंच. रोजच्या पुसण्याला पीएच ७ च्या आसपासचं, म्हणजे न्यूट्रल क्लीनर. लॅमिनेटवर वाफेचा मॉप नको, ओलं फडकं घट्ट पिळून. खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या चकत्या आणि बाहेरच्या दारापाशी खरखरीत पायपुसणं. वाळू आत आलीच नाही तर वरचा सगळा मोह्सचा हिशेब करायची वेळ येत नाही.

उरलेल्या टाइल परत देऊ नका. एक खोकं ठेवा, बॅच नंबरची बाजू वर करून, आणि ग्राउटच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये. माझं खोकं माळ्यावर आहे, त्यातल्या दोन टाइल आतापर्यंत लागल्या: एक नळ बदलताना, दुसरी इस्त्री पडली तेव्हा.